लोंढ्याच्या वाटेने

अमेरिकेच्या युटा राज्यात, ॲरिझोनाच्या सीमेजवळ, बकस्किन गल्च नावाची एक घळ आहे. वायर पास नावाच्या फटीतून माणूस तिच्यात शिरतो आणि पुढचे वीसएक किलोमीटर दोन भिंतींच्या मधून चालत राहतो. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही तळवे दगडाला टेकतात. भिंती मात्र शेकडो फूट उंच. पायाखाली वाळू, गोटे, मध्येच गुडघाभर थंडगार चिखल. वाहते पाणी बहुतेक दिवस नसतेच. मग नवखा माणूस कधीतरी मान वर करतो आणि डोक्यापासून कितीतरी उंचीवर, दोन भिंतींच्या मध्ये आडवा अडकलेला झाडाचा ओंडका त्याला दिसतो. घळीत तर एवढे झाड वाढणे शक्य नाही. म्हणजे तो लांबून वाहत आला, आणि ज्या दिवशी आला त्या दिवशी पाणी तिथपर्यंत होते.

घळींमध्ये वर्षानुवर्षे उतरणारी मंडळी आत शिरताना असे ओंडके आधी शोधतात. दोर, हार्नेस, हेल्मेट हे सगळे नंतरचे. आपण जिथून चालतो आहोत तो रस्ता पाण्याने स्वतःसाठी केलेला आहे, आणि ते पाणी इथे पडणाऱ्या पावसाचे नाही, हे आधी समजावे लागते. घळ हे एका मोठ्या पाणलोट क्षेत्राचे अगदी शेवटचे, चिंचोळे टोक असते. घळी उतरण्याच्या या छंदातले कसब, त्यातले नियम आणि त्यातले मृत्यू हे सारे या एका गोष्टीपाशी येऊन मिळतात.

रुंदीच्या मानाने खोली कितीतरी पट जास्त असलेल्या अशा घळींना स्लॉट कॅन्यन म्हणतात. जगात त्या अनेक ठिकाणी आहेत, पण कोलोरॅडो पठारावर, विशेषतः दक्षिण युटा आणि उत्तर ॲरिझोनात, त्यांची जेवढी दाटी आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. याचे कारण तिथल्या खडकात आहे. नवाहो वालुकाश्म नावाचा हा खडक म्हणजे सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वीच्या अफाट वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या. वारा वाळूचे थर तिरके रचत गेला, थरांवर थर चढले, खाली दबले आणि कॅल्साइट व लोहाच्या संयुगांनी त्यांचे कण एकमेकांना चिकटले. झायन नॅशनल पार्कमध्ये या एकाच खडकाची जाडी सुमारे २,००० फुटांपर्यंत भरते. भिंतीवर आज दिसणाऱ्या तिरक्या रेघा म्हणजे तेव्हाच्या टेकड्यांचे उतार. भूशास्त्रज्ञांनी या वाळूतल्या झिरकॉन स्फटिकांचे वय काढले तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. यातली बरीचशी वाळू मूळची खंडाच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियन पर्वतांमधली आहे. नद्यांनी ती खंड ओलांडून पश्चिमेला आणली आणि वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या.

पुढे हे पठार उचलले गेले. उचलले जाताना ताण आला आणि खडकात उभ्या, सरळ भेगा पडल्या. विमानातून झायनकडे पाहिले तर कितीतरी घळी एकमेकींना समांतर गेलेल्या दिसतात, कारण पाण्याने नवी वाट न शोधता भेगांचीच वाट धरली. खडक एकसारखा, कण सुटे व्हायला सोपे, पण उभी भिंत पेलायला पुरेसा पक्का. घळ घडायला याहून अनुकूल दगड मिळणे कठीण.

तरी नुसत्या दगडाने भागत नाही, हवामानही तसेच लागते. इथे पाऊस कमी. त्यामुळे भिंतीवर रोजची झीज कमी, माती कमी, झाडोरा कमी. भरपूर पावसाच्या मुलखात भिंती वरून ढासळत जातात आणि दरीचा आकार पसरट होतो. इथे भिंती जवळजवळ जशाच्या तशा राहतात आणि कापला जातो तो फक्त तळ. तोही वर्षातल्या मोजक्या तासांत. जुलै ते सप्टेंबर या काळात दक्षिणेकडून बाष्प येते, दुपारी ढग उभे राहतात आणि एखाद्या डोंगरावर वळवासारखा पाऊस कोसळतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले लोक या हंगामाला मॉन्सूनच म्हणतात. उघड्या खडकावर पडलेले पाणी मुरत नाही. ते ओघळींतून ओढ्यात, ओढ्यातून घळीत येते आणि येताना वाळू, गोटे, झाडे घेऊन येते. खडक कापण्याचे काम पाण्याहून जास्त त्यातली वाळू करते. घळीच्या तळाशी गोटे भोवऱ्यात सापडून रवीसारखे घुमतात आणि खोल, गुळगुळीत खड्डे कोरतात. पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रात ज्यांनी रांजणखळगे पाहिले आहेत त्यांना हे खड्डे ओळखीचे वाटतील. खडक वेगळा, तिथला काळा बेसाल्ट आणि इथला तांबूस वालुकाश्म, पण कोरणारा हात तोच.

पेज गावाजवळचा ॲन्टिलोप कॅन्यन हे या कोरीवकामाचे सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेले उदाहरण. नवाहो लोकांच्या जमिनीवरच्या या घळीच्या भिंती लाटांसारख्या वळत गेल्या आहेत आणि उन्हाळ्यात भर दुपारी वरच्या फटीतून उन्हाचा झोत थेट तळापर्यंत उतरतो. जगभरच्या भिंतींवरच्या कॅलेंडरांत आणि संगणकाच्या पडद्यांवर तो पोहोचला आहे. तो झोत ज्या वळणांवर पडतो ती वळणे पुराच्या पाण्याने केली, हे मात्र त्या छायाचित्रांतून कळत नाही.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी याच ॲन्टिलोपच्या खालच्या भागात काही पर्यटक उतरले होते. त्या जागी पाऊस नावापुरता होता. वादळ झाले होते ते कित्येक मैल वर, घळीच्या पाणलोटात. तिथले पाणी घळीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा आतल्या लोकांना बाहेर पडायला वेळच उरला नाही. चढउताराच्या लाकडी शिड्या वाहून गेल्या. ११ पर्यटक मेले. त्यानंतर लोखंडी जिने खडकात पक्के बसवले गेले, हवामान खात्याचा रेडिओ आणि भोंगा आला, आणि वाटाड्याशिवाय आत जायला बंदी झाली.

त्याच्या दोन वर्षांनी, २७ जुलै १९९९ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या सॅक्सेटेनबाख ओढ्यात हेच घडले. हिरवागार आल्प्स पर्वत, वाळवंटाचा मागमूस नाही, तरी कारण तेच: वर वादळ, खाली अरुंद वाट. १८ पर्यटक आणि ३ वाटाडे असे २१ जण बुडाले. सहल नेणाऱ्या कंपनीच्या जबाबदार व्यक्तींवर खटला चालला आणि त्यांना दोषी ठरवण्यात आले. युरोपात व्यावसायिक कॅन्यनिंगचे, म्हणजे घळी उतरण्याच्या सहलींचे, नियम कडक व्हायला ही घटना कारणीभूत ठरली.

सर्वांत जास्त विचार करायला लावते ती झायनमधली घटना. १४ सप्टेंबर २०१५. पन्नाशीतल्या सात जणांनी कीहोल कॅन्यन उतरण्यासाठी सकाळी परवाना घेतला. कीहोल ही काही मोठी घळ नव्हे. दोन-तीन छोटे उतार दोराने, काही अरुंद डोह पोहून, एवढे झाले की माणूस बाहेर. परवाना देताना पुराची शक्यता आहे असे सांगितले गेले होते, आणि निर्णय नेहमीप्रमाणे उतरणाऱ्यांवर सोपवला गेला. दुपारी इशाऱ्याची पातळी वाढली, घळी बंद झाल्या. पण जे आत गेले होते त्यांना ते कळवायचे कसे? घळीत फोन लागत नाही. सातही जण गेले. त्याच दिवशी जवळच्या हिल्डेल गावात दोन गाड्या पुरात वाहून गेल्या आणि त्यातले १३ जण दगावले.

त्या दुपारी झायनमधून वाहणाऱ्या व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेची नोंद आहे. १५ मिनिटांत प्रवाह ५५ क्युसेकवरून २,६३० क्युसेकवर गेला. पावसाळ्यात धरणांचे विसर्ग वर्तमानपत्रात वाचणाऱ्या मराठी वाचकाला २,६३० क्युसेक हा आकडा किरकोळ वाटेल. मोठ्या धरणातून याच्या दसपट पाणी सुटते. पण ते पाणी रुंद पात्रात पसरते, आणि सोडण्याआधी गावोगाव इशारा जातो. घळीत पसरायला जागा नाही. रुंदी तीन फूट असेल तर पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणूनच झायनमधल्या नॅरोज या प्रसिद्ध घळीत प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की वाट बंद करतात. नॅरोज तुलनेने ऐसपैस आहे, आणि तिथेही भिंती हजार फूट उंच होतात आणि मधले अंतर वीस-तीस फुटांवर येते.

नॅरोजला हे नाव दिले ते भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी, १८७२ मध्ये. ते सरकारी सर्वेक्षणासाठी या घळीतून उतरले होते. त्याच वर्षी एका हाताचे संशोधक जॉन वेस्ली पॉवेल यांनी व्हर्जिनच्या पूर्व शाखेची, पारूनुवीपची घळ पायाखाली घातली. तिकडे फ्रान्समध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल हे गुहांचा अभ्यास करणारे वकील १९०५ मध्ये व्हर्दों नदीच्या घळीतून उतरले, तेही पाण्याच्या अभ्यासासाठी. म्हणजे घळी उतरण्याची सुरुवात करणारे लोक पाणी कुठून येते, किती येते, कसे वाहते हेच विचारत आले होते. पुढे स्पेनमधल्या सिएरा दे ग्वारात, फ्रान्सच्या पिरेनीजमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ब्लू माउंटन्समध्ये हा छंद म्हणून वाढला. तरी त्या पहिल्या मंडळींचा प्रश्न जुना झालेला नाही.

आता दोराकडे येऊ. सह्याद्रीत सुळके चढणाऱ्यांना रॅपलिंग नवे नाही. पण तिथे रॅपलिंग म्हणजे चढाई संपल्यावरची उतराई. घळीत तीच मुख्य वाट असते आणि ती एकाच दिशेने जाते. दोर वरच्या कडीतून ओवून दोन्ही पदर खाली सोडतात, किंवा एका बाजूला गाठ नाहीतर कॅरॅबिनरची कडी अडकवून एकाच पदरावरून उतरतात. सगळे खाली आले की एक टोक ओढून दोर काढून घेतात, कारण पुढच्या उतारासाठी तोच लागणार असतो. दोर खाली पडला त्या क्षणी मागची वाट बंद झाली. गुळगुळीत वालुकाश्म चढून परत जाणे बहुतेकांना अशक्य. पुढे काहीही असो, आता त्यातून पार व्हायचेच. म्हणून पहिल्या उतारावर दोर ओढण्याआधी जाणकार थांबतात. सगळे आले का? दोर सगळ्यात उंच उताराला पुरतो ना? वाजले किती? ढग कुठे आहेत? हे प्रश्न पुन्हा विचारायची संधी मिळत नाही.

अमेरिकेत घळींना श्रेणी देण्याची पद्धत आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. १ म्हणजे चालत जाता येते, २ म्हणजे हातापायाने चढउतार, ३ म्हणजे दोर लागणारच, ४ म्हणजे दोराबरोबर कठीण चढाई किंवा दोर बांधायला अँकर शोधण्याची डोकेदुखी. त्याला जोडून पाण्यासाठी अक्षर. ए म्हणजे कोरडी किंवा घोट्याएवढे पाणी, बी म्हणजे साचलेले डोह आणि पोहणे, सी म्हणजे वाहता प्रवाह. शेवटी वेळेसाठी रोमन आकडा. कीहोलची श्रेणी पाण्याच्या बाबतीत बी होती. साचलेले पाणी वाहते व्हायला किती वेळ लागतो हे त्या अक्षरात सांगितलेले नसते.

पाण्याच्या प्रकारावरून तंत्रही उलटते. कोरड्या कड्यावर उतरताना दोराच्या टोकाला गाठ मारण्याची शिस्त प्रत्येक गिर्यारोहकाला लावलेली असते, जेणेकरून दोर संपला तरी माणूस सुटून पडू नये. धबधब्याखालच्या वाहत्या डोहात तीच गाठ जीव घेऊ शकते. उतरणारा माणूस प्रवाहात दोराला अडकून राहतो आणि वरचे पाणी त्याच्यावर कोसळत राहते. तिथे दोर नेमका पाण्याला टेकेल एवढाच सोडतात, टोक मोकळे ठेवतात, म्हणजे माणूस खाली पोहोचला की आपोआप दोरातून सुटतो. वरचा अँकरही असा बांधतात की गरज पडली तर ताणलेला दोर वरून सैल सोडता यावा. सह्याद्रीत पावसाळ्यात धबधब्यांवर रॅपलिंगचे कार्यक्रम भरतात. त्यात भाग घेणाऱ्याने आयोजकाला एक प्रश्न जरूर विचारावा: मी मध्येच अडकलो तर तुम्ही मला वरून खाली सोडू शकता का? उत्तर द्यायला आयोजक घुटमळला तर घरी परतावे.

दोर जिथे बांधायचा तो अँकर ही आणखी एक विद्या. काही घळींत खडकात ठोकलेले बोल्ट असतात. अनेक ठिकाणी नसतात, आणि नसावेत असे मानणारे पुष्कळ आहेत. मग झाड, खडकाचा सुळका, किंवा पुराने दोन भिंतींत घट्ट बसवलेला धोंडा शोधायचा. काहीच नसेल तर दगडाला पट्टा गुंडाळून तो वाळूत पुरायचा आणि वर आणखी दगड रचायचे. अलीकडे जाड कापडाची एक झोळी वापरतात. तिच्यात वाळू भरायची, तिच्या वजनावर एकेक जण उतरतो, आणि शेवटचा माणूस खाली आला की दुसऱ्या दोरीने झोळी उलटी करून वाळू ओतून टाकायची आणि झोळी खाली ओढून घ्यायची. वर काहीही उरत नाही. शेवटी उतरणाऱ्याला अर्थात दुसरा आधार नसतो, म्हणून सर्वांत हलका आणि सर्वांत अनुभवी माणूस शेवटी ठेवतात.

काही घळींत दोराला कामच नसते, कारण तळ इतका अरुंद होतो की त्यात शरीर मावत नाही. मग एका भिंतीला पाठ, दुसरीला पाय लावून सरकायचे. गडकोटांवरच्या चिमण्या, म्हणजे कातळातल्या उभ्या फटी, चढलेल्यांना ही हालचाल माहीत असते. फरक एवढाच की इथे वर न जाता आडवे जायचे असते, कधी जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवर, आणि ते शे-दोनशे फूट चालू राहू शकते. वालुकाश्म कोपरे आणि गुडघे सोलून काढतो. दमून हात सुटला तर खालच्या फटीत माणूस पाचरीसारखा बसतो.

आणि मग ते रांजणखळगे. खळगा भरलेला असला तर माणूस पोहून पलीकडच्या काठाला हात घालतो. पूर्ण कोरडा असला तरी बहुधा मार्ग निघतो. सर्वांत वाईट अर्धा भरलेला. काठ डोक्याच्या पाच-सहा फूट वर, भिंती आतून फुगीर आणि शेवाळलेल्या, पाय टेकायला तळ नाही, आणि पाणी हाडे गोठवणारे. एकट्या माणसाला यातून निघणे फार कठीण. सोबत असेल तर एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर चढायचे. नाहीतर छोट्या पिशव्यांत वाळू भरून त्या दोरीला बांधायच्या आणि पलीकडच्या काठावर भिरकावायच्या. पलीकडे पडलेल्या पिशव्यांच्या वजनाने आणि घर्षणाने दोरी माणूस ओढून वर येण्याइतपत धरते. युटात या कामासाठी बनवलेल्या पिशव्या विकत मिळतात. पाण्याची पातळी दर पुरानंतर बदलते. त्यामुळे गेल्या वर्षी सहज पार केलेली घळ यंदा अडकवून ठेवू शकते, आणि जुन्या वर्णनावर भरवसा ठेवणे धोक्याचे ठरते.

बाहेर चाळीस अंश तापमान असताना घळीत माणूस थंडीने मरू शकतो, हे पटायला वेळ लागतो. ऊन तळाशी पोहोचत नाही, डोहातले पाणी महिनोन्महिने सावलीत असते. अंगात वेटसूट नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या डोहानंतर बोटे गाठ सोडायला नकार देतात. दोराच्या कामात बोटे गेली की सगळेच गेले.

ॲरन राल्स्टनची हकीकत आता जगाला माहीत आहे. २६ एप्रिल २००३ रोजी युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये तो एकटा उतरत होता. भिंतींच्या मध्ये अडकलेला सुमारे ३६० किलोचा धोंडा त्याच्या भाराने हलला आणि त्याचा उजवा हात भिंतीला चिणला गेला. पाच दिवसांनंतर त्याने स्वतःचा हात कोपराच्या खाली कापून सुटका करून घेतली. डॅनी बॉइलने त्यावर २०१० मध्ये ‘१२७ अवर्स’ हा चित्रपट केला, त्याला संगीत ए. आर. रहमानचे होते. पडद्यावर हात कापण्याचा प्रसंग पाहून लोक डोळे मिटतात. घळ उतरणाऱ्यांना त्या हकीकतीतल्या दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, आपण कुठे चाललो हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते. दुसरी, हात कापल्यावरही त्याच्यापुढे सुमारे ६५ फुटांचा उतार होता. एका हाताने अँकर तपासून, दोर लावून तो रॅपल करून खाली आला आणि मग वाळवंटातून चालत सुटला. धैर्याची तारीफ होतेच, पण दोराचे काम इतके अंगवळणी पडलेले नसते तर धैर्याचा उपयोग झाला नसता.

हे झाले घळीत उतरणाऱ्यांचे. घळीत राहणाऱ्या लोकांनी पुराचा बंदोबस्त कसा केला, याचे उत्तर जॉर्डनमधल्या पेट्रात आहे. या नगराची वाट म्हणजे सिक, सुमारे १.२ किलोमीटर लांबीची खडकातली अरुंद फट. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नबातियन लोकांनी सिकच्या तोंडाशी बांध घातला, डोंगरातून बोगदा खणला आणि ओढ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळवले. शतकांनंतर ती व्यवस्था ढासळली. १९६३ मध्ये पूर सिकमध्ये घुसला आणि वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक बळी पडले. त्यानंतर बांध पुन्हा उभारला गेला, जवळपास त्याच जागी.

माणूस घळीला इजा पोहोचवतो तेही इथे सांगायला हवे, कारण वालुकाश्म मऊ आहे. दरवेळी दोर काठावरून ओढला की तो दगडात खाच पाडतो. वर्दळीच्या घळींत अशा खाचा बोटभर खोल झाल्या आहेत, आणि त्यात दोर अडकून नवे अपघात होतात. म्हणून काही जण काहीच मागे न ठेवता, दोर खडकाला न घासता उतरण्याचा आग्रह धरतात. तो रास्त आहे. रांजणखळग्यांत पारदर्शक कोळंबीसारखे इवले जीव राहतात. त्यांची अंडी कोरड्या गाळात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि पाणी आले की फुटतात. त्या गाळातून चालणारा माणूस त्यांना चिरडतो. घळींच्या गार सावलीत मेक्सिकन स्पॉटेड आउल हे संकटात असलेले घुबड घरटी करते. झायनमध्ये रोजच्या परवान्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते, ती माणसांच्या सुरक्षेइतकीच या सगळ्यासाठी.

महाराष्ट्रात या जातीची सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे सांदण दरी. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे साम्रद गाव आहे. गावाबाहेर सपाटीवर चालता चालता जमीन दुभंगते आणि ही घळ सुरू होते. खडक बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वालुकाश्मासारखी लाटांची वळणे इथे नाहीत. बेसाल्ट सांध्यांवर तुटतो, त्याचे ठोकळे निखळतात, म्हणून सांदणचा तळ घराएवढ्या धोंड्यांनी भरला आहे आणि भिंती कोनाकोनांच्या आहेत. हिवाळ्यात वाटेत पाणी साठलेले मिळते, काही ठिकाणी कमरेच्या वर. मग घळ घाटमाथ्याच्या कडेशी येते आणि दोराचे उतार सुरू होतात, खाली कोकणच्या बाजूला, शहापूर तालुक्याकडे. दोर न लावता अर्ध्यातून परतणारेही पुष्कळ असतात, आणि साम्रदच्या घरांत त्यांना पिठलं-भाकरी मिळते.

पावसाळ्यात सांदणमध्ये कुणी शिरत नाही, हे ठीकच. प्रश्न येतो तो एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या दिवसांत, आणि हल्ली केव्हाही पडणाऱ्या अवकाळीत. गर्दी शनिवार-रविवारी, दोरासाठी रांग, पहिला उतार सुरू व्हायलाच दुपार. युटातही ढग दुपारीच भरतात. तिथे म्हणूनच भल्या पहाटे निघण्याचा शिरस्ता आहे. सांदणमध्ये उतरताना सगळ्यांचे लक्ष समोर असते, कोकणाकडे, कारण तिथे दरी उघडते आणि समोर आजोबाचा डोंगर दिसतो. पाणी येणार असते मागून, साम्रदच्या सपाटीवरून. तिकडचे आभाळ घळीतून दिसत नाही. म्हणून ज्या तुकडीत दोरावर पाच माणसे आहेत तिने एक माणूस वर गावाच्या बाजूला ठेवावा, वॉकीटॉकी घेऊन, आणि पहिला दोर ओढण्याआधी त्याच्याशी बोलून घ्यावे.